घरं विकून वाढलेली कंपनी

१९९९ साल संपलं तेव्हा शिकागोच्या इक्विटी रेसिडेन्शियल या कंपनीकडे भाड्याने द्यायची सव्वादोन लाखांहून जास्त घरं होती. हजारावर संकुलं, निम्म्याहून अधिक अमेरिकेत पसरलेली. आज तिची घरं ८० हजारांच्या आसपास आहेत आणि संकुलं तीनशेच्या आगेमागे. हे दोन आकडे गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळमालकापुढे ठेवले तर तो चहाचा कप खाली ठेवून म्हणेल, "बुडाला की हो बिचारा!"

बुडाली तर नाहीच. उरलेल्या ८० हजार घरांची किंमत त्या सव्वादोन लाख घरांच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि भाडेकरूही आता वेगळ्याच पगाराचा आहे. म्हणून हे प्रकरण मला शिकवायला घ्यावंसं वाटतं. आपल्याकडे घरमालकाची श्रीमंती खोल्यांच्या संख्येत मोजतात. या कंपनीनेही पहिली सात-आठ वर्षं तशीच मोजली. नंतर तिने मोजपट्टी बदलली, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

कबरींवर नाचणारा

गोष्टीतलं मुख्य पात्र सॅम झेल. आईवडील पोलंडमधले ज्यू. १९३९ मध्ये जर्मन फौजा शिरायच्या बेतात असताना ते घर सोडून निघाले. लिथुआनियातल्या जपानी वकिलातीत चिउने सुगिहारा यांनी दिलेल्या व्हिसावर, सोव्हिएत रशिया आणि जपान असा अर्ध्या जगाला वळसा घालत १९४१ मध्ये अमेरिकेत पोचले. त्याच वर्षी सप्टेंबरात सॅम जन्मला. वेळेवर निघणं हा या घराण्याचा गुण. पुढे मुलाच्या धंद्यातही तो वारंवार दिसतो.

मिशिगन विद्यापीठात, अ‍ॅन आर्बर गावी शिकत असताना त्याने एका घरमालकाची पंधरा घरांची इमारत सांभाळायला घेतली. मोबदला काय, तर राहायला फुकट जागा. विद्यार्थ्यांना काय हवं असतं ते त्याला कळत होतं, कारण तो स्वतः विद्यार्थीच होता. मग दुसरी इमारत आली, मग तिसरी. सोबतीला रॉबर्ट लूरी हा कॉलेजचा मित्र होता. १९६६ मध्ये वकिलीची पदवी घेऊन झेल शिकागोला गेला, तेव्हा अ‍ॅन आर्बरचा धंदा लूरीलाच विकून गेला. १९६८ मध्ये त्याने शिकागोत स्वतःची फर्म काढली आणि पुढच्या वर्षी लूरी तिथे येऊन मिळाला. झेल बोलका, दाढीवाला, जीन्स घालून ऑफिसात येणारा, मोटरसायकलवर फिरणारा. लूरी कमी बोलणारा, आकडेमोडीचा. अशा जोड्या आपल्याकडच्या पेढ्यांतही असतात. एक गिऱ्हाईक सांभाळतो, दुसरा वही.

१९७३-७४ मध्ये अमेरिकेतलं बांधकाम कोसळलं. बँकांनी आणि गुंतवणूक न्यासांनी बिल्डरांना वाटेल तशी कर्जं दिली होती आणि आता ती वसूल होत नव्हती. इमारती मात्र उभ्या होत्या. झेल-लूरी यांनी त्या घेतल्या. बहुतेक व्यवहारांत रोख थोडी, आणि जुनं ठरलेल्या व्याजाचं कर्ज अंगावर घेणं जास्त. १९७६ मध्ये झेलने या प्रकारावर एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकावरून 'ग्रेव्ह डान्सर', म्हणजे कबरीवर नाचणारा, हे नाव त्याला जन्मभर चिकटलं. त्याने ते कधी नाकारलंही नाही.

यात हुशारी पडत्या भावात घेण्याची होती असं सगळे सांगतात. मला दुसरी हुशारी मोठी वाटते. पुढच्या वर्षांत अमेरिकेत महागाई भडकली. भाडी वर गेली, हप्ता तिथेच राहिला. स्वस्तात मिळालेली इमारत एकीकडे, पण कर्जाची खरी किंमत दरवर्षी आपोआप विरघळत गेली ती दुसरीकडे. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात फ्लॅट घेतलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तेव्हा पगार खाऊन टाकणारा हप्ता आज किराणा बिलाएवढा वाटतो.

करासाठी बांधलेली घरं

१९९३ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात का आली हे समजायला आधी १९८१ आणि १९८६ समजावे लागतात. हा भाग जरा सावकाश घेतो, कारण बहुतेक वर्णनांत तो दोन ओळींत उरकलेला असतो.

१९८१ च्या करकायद्याने अमेरिकेत इमारतींवरचा घसारा, म्हणजे झिजेपोटी उत्पन्नातून वजा करायची रक्कम, फार वेगाने काढू दिला, अवघ्या पंधरा वर्षांत. इमारत तर पन्नास वर्षं टिकते. मग कागदावर दरवर्षी मोठा तोटा दिसायचा, खिशातून मात्र काही जायचं नाही. हा कागदी तोटा डॉक्टर, दंतवैद्य, वकील अशा भरपूर कर भरणाऱ्या लोकांना विकला जाऊ लागला. भागीदारीत पैसे घाला, तोट्याचा हिस्सा घ्या, पगारावरचा कर वाचवा. भाडेकरू मिळतो की नाही हा प्रश्न दुय्यम झाला. घरं राहण्यासाठी कमी आणि कर वाचवण्यासाठी जास्त बांधली गेली. त्यात बचत-कर्ज संस्थांवरचे निर्बंध नुकतेच सैल झाले होते, त्यामुळे पैसाही हात सैल सोडून मिळत होता.

१९८६ मध्ये सरकारने ही वाट बंद केली. असा निष्क्रिय गुंतवणुकीतला तोटा पगारातून वजा करता येणार नाही, असं ठरलं. एका सहीने त्या भागीदाऱ्यांचा जीव गेला. ज्या घरांचं गणित भाड्यावर बसतच नव्हतं ती घरं आता फक्त भाड्यावर जगणार होती. बचत-कर्ज संस्था शेकड्यांनी बुडाल्या. १९८९ मध्ये त्यांची मालमत्ता विकायला सरकारला खास महामंडळ काढावं लागलं. विकणारे ढिगाने होते, घेणारे मोजके. घेणाऱ्यांत झेल होताच. १९८८ पासून मेरिल लिंच या वित्तसंस्थेच्या साथीने त्याने अडचणीतली मालमत्ता घेण्यासाठी फंड उभे केले होते.

मात्र १९९० मध्ये लूरी कर्करोगाने गेला, अठ्ठेचाळीस वर्षांचा असताना. आणि पाठोपाठ बँकांनी हात आखडले. इमारत चांगली, भाडेकरू वेळेवर पैसे देणारा, तरी कर्जाचं नूतनीकरण होईना. दुसऱ्यांच्या कबरीवर नाचणाऱ्याला स्वतःच्या पायाखालची माती हलताना दिसली. बँक देत नसेल तर पैसा आणायचा कुठून? उत्तर होतं शेअर बाजार, आणि त्यासाठीचा साचा ३३ वर्षांपूर्वीच तयार होता.

हा साचा म्हणजे रीट, स्थावर मालमत्तेचा गुंतवणूक न्यास. १९६० मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने तो कायद्यात आला. मूळ सौदा साधा आहे. कंपनीने भाड्याचं करपात्र उत्पन्न जवळजवळ सगळं भागधारकांना वाटून टाकायचं. तसं केलं तर कंपनीवर वेगळा आयकर नाही. वाटण्याचं किमान प्रमाण एके काळी ९५ टक्के होतं, २००१ पासून ९० टक्के. पण जुन्या इमारतवाल्यांपुढे अडचण होती. वर्षानुवर्षं घसारा काढलेली इमारत रीटला विकली की पूर्ण नफ्यावर कर बसणार. १९९२ मध्ये मिशिगनच्या टॉबमन कंपनीने यावर तोड काढली. वर रीट, खाली एक भागीदारी संस्था. मालकाने इमारत त्या भागीदारीत आणायची आणि बदल्यात भागीदारीचे युनिट घ्यायचे. युनिट शेअरमध्ये बदलेपर्यंत कर नाही. कोर्टकचेरीच्या भाषेत रूक्ष वाटतं, पण पुढची सगळी वाढ या एका युक्तीवर उभी आहे. लहान शहरातला सत्तर वर्षांचा इमारत मालक, ज्याच्या मुलांना गळक्या नळांत रस नाही, त्याला पहिल्यांदाच कर न भरता धंद्यातून बाहेर पडायची वाट सापडली.

ऑगस्ट १९९३ मध्ये इक्विटी रेसिडेन्शियल न्यूयॉर्क शेअर बाजारात आली. त्याच वर्षी झेलची फिरत्या घरांच्या वसाहतींची कंपनीही आली होती, आणि १९९७ मध्ये ऑफिसांची आली. अध्यक्ष झेल, पण रोजचा कारभार डग्लस क्रॉकर यांच्याकडे.

भूक

पुढची सात वर्षं कंपनी दुसऱ्या घरमालक कंपन्या खात सुटली. १९९७ मध्ये वेल्सफर्ड आणि अ‍ॅरिझोनाची इव्हान्स विदीकोम. १९९८ मध्ये जॉर्जिया राज्यातली मेरी लँड, एका फटक्यात सुमारे ३५ हजार घरं. १९९९ मध्ये ओहायोची लेक्सफर्ड, ३६ हजारांवर घरं. २००० मध्ये न्यू इंग्लंडमधली ग्रोव्ह. बहुतेक ठिकाणी किंमत रोखीत नव्हे, आपल्याच शेअरमध्ये चुकवली.

इथे विद्यार्थ्यांना मी एक हिशोब करायला लावतो. तुमची एक लाख घरं आहेत आणि एक लाख शेअर. आणखी एक लाख घरं घेतली आणि त्यासाठी एक लाख नवे शेअर दिले. कंपनी दुप्पट झाली. एका शेअरमागे घरं किती? एकच. कार्यालय मोठं होतं, अध्यक्षांचा फोटो मासिकात येतो, जुन्या भागधारकाच्या ताटात मात्र भाकरी तेवढीच. नवी घरं आधीच्यांपेक्षा जास्त कमावणारी असतील, किंवा एकत्र कारभाराने खर्च वाचत असेल, तरच काही पदरात पडतं. तेव्हाचा युक्तिवाद खर्चवाचवणुकीचाच होता. एकाच कंत्राटात हजारो फ्रिज आणि गालिचे, एकच संगणक प्रणाली, विम्यावर घासाघीस. काही अंशी ते खरंही होतं.

पण लेक्सफर्डची घरं बघा. ती बहुतांशी एका जुन्या कंपनीने कारखान्यात भाग तयार करून उभारलेली, एकमजली, बसकी, लहान गावांच्या कडेला. ४०२ संकुलांत मिळून साडेछत्तीस हजार घरं, म्हणजे एका संकुलात सरासरी नव्वद. नव्वद घरांवर पूर्ण वेळ व्यवस्थापक आणि मिस्त्री परवडत नाही. आपल्याकडे नव्वद फ्लॅटच्या सोसायटीत एक मॅनेजर आणि दोन वॉचमन कसेबसे बसतात, पण ती सोसायटी मालकांची असते. सेक्रेटरी फुकट राबतो, आणि वर शिव्या खातो. भाड्याच्या धंद्यात असा फुकट सेक्रेटरी मिळत नाही.

शिवाय ओहायो, इंडियाना, जॉर्जियाच्या त्या गावांबाहेर मोकळी जमीन पडलेली. भाडं थोडं वाढलं की पलीकडच्या मक्याच्या शेतात नवं संकुल उभं. अटलांटा, फिनिक्स ही मोठी शहरंसुद्धा तशीच, चहूबाजूंनी पसरत जाणारी. मागणी वाढते तशी घरंही वाढतात आणि भाडं जागच्या जागी राहतं. ज्याने पुणे वाकड-रावेतच्या पुढे सरकताना पाहिलंय त्याला हे कळेल. आणि ज्याने दादर-माहीमचं भाडं पाहिलंय त्याला याची उलट बाजूही कळेल.

डिसेंबर २००१ मध्ये कंपनी एस अँड पी ५०० या अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या निर्देशांकात गेली. बाहेरून पाहणाऱ्याला हे शिखर वाटलं. आत मात्र हिशोब सुरू झाला होता की या सगळ्या घरांचं करायचं काय.

विकायला शिकणं

क्रॉकर यांच्यानंतर ब्रूस डंकन आले आणि जानेवारी २००६ पासून डेव्हिड नायदरकट. कंपनीचा नकाशा पालटण्याचं श्रेय प्रामुख्याने या दोन कारकिर्दींना. धोरण एका वाक्यात मावतं. जिथे समुद्र, डोंगर, महागडी जमीन किंवा महापालिकेच्या परवानग्या नवं बांधकाम अडवतात, आणि जिथे चांगल्या पगाराच्या नोकऱ्या आहेत, तिथेच घरं ठेवायची. बॉस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, सिॲटल, सॅन फ्रान्सिस्को आणि दक्षिण कॅलिफोर्निया. बाकीचं विकायचं.

२००६ मध्ये लेक्सफर्डची उरलेली २८९ संकुलं, २७,११५ घरं, १ अब्ज ८ कोटी डॉलरच्या वर गेली. घरटी सरासरी ४० हजार डॉलर. १९९९ मध्ये घेताना सगळ्या लेक्सफर्डला कर्जासकट सुमारे ७३ कोटी पडले होते, म्हणजे घरटी २० हजार. सात वर्षांत भाव दुप्पट झाला, मग विकली का? मला वाटतं, दुप्पट झाला म्हणूनच विकली. २००६ मध्ये घरांवर पैसे ओतायला जग टपलेलं होतं. त्या भावाला भाड्याचा आधार नव्हता, नुसता पैशाचा होता. पुढच्याच फेब्रुवारीत झेलने आपली ऑफिसांची कंपनी ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीला कर्जासह ३९ अब्ज डॉलरला विकली. ती वेळ किती अचूक होती हे वर्षभरात कळलं. झेलला सर्वज्ञ ठरवायची घाई मात्र नको. त्याच २००७ मध्ये त्याने ट्रिब्यून हा वृत्तपत्रसमूह घेतला, आणि २००८ च्या डिसेंबरात त्याची दिवाळखोरी दाखल झाली.

मंदीत इक्विटी रेसिडेन्शियलही होरपळली. २००९ मध्ये लाभांशाला कात्री लागली. रीटवर जगणाऱ्या निवृत्त माणसाला ते जिव्हारी लागतं. तरी दोन गोष्टी तिच्या मदतीला आल्या. एक, फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या सरकारी छत्राखालच्या संस्था भाड्याच्या इमारतींना कर्ज देत राहिल्या, त्यामुळे बँका गोठल्या तरी नळ पूर्ण आटला नाही. दुसरी गोष्ट जरा क्रूर आहे. ज्यांची घरं जप्त झाली ते लोक भाड्याच्या घरात आले. स्वतःच्या घरात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचं प्रमाण २००४ मध्ये ६९ टक्क्यांवर होतं, २०१६ पर्यंत ते ६३ च्या खाली उतरलं. एकाचं घर जातं तेव्हा दुसऱ्याला भाडेकरू मिळतो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण या धंद्याचा ताळेबंद त्याशिवाय वाचता येत नाही.

आर्चस्टोन

या प्रकरणातला सगळ्यात रंगतदार व्यवहार हाच. आर्चस्टोन ही इक्विटीची जुनी स्पर्धक. घरं नेमकी त्याच शहरांत, तशाच मोक्याच्या जागी. ऑक्टोबर २००७ मध्ये, तेजी फुटायला लागली असताना, लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक आणि टिशमन स्पायर ही इमारतींच्या धंद्यातली कंपनी यांनी तिला कर्जासह सुमारे २२ अब्ज डॉलरला विकत घेतलं. अकरा महिन्यांनी लेहमन बुडाली. तिच्या दिवाळखोरीच्या पेटाऱ्यात जे अडकलं त्यात आर्चस्टोनचा मोठा हिस्सा होता. बाकीचा बँक ऑफ अमेरिका आणि बार्कलेज यांच्या गळ्यात.

२०११ च्या शेवटी इक्विटीने या दोन बँकांच्या हिश्श्याचा निम्मा भाग, आर्चस्टोनचा साधारण सव्वीस टक्के, १ अब्ज ३२ कोटी डॉलरला ठरवला. लेहमनच्या कारभाऱ्यांकडे तेवढीच किंमत देऊन तो हिस्सा स्वतः घ्यायचा हक्क होता. तो त्यांनी बजावला. इक्विटीने उरलेल्या हिश्श्यासाठी बोली वाढवली. लेहमनने तोही उचलला. दोन्ही वेळा इक्विटी रिकाम्या हाताने परतली, खरं तर अगदी रिकाम्या नाही, कारण करार मोडल्याचा मोबदला ठरलेला होता. तेव्हा अनेकांना वाटलं, संपलं. पण आता लेहमनकडे सगळी आर्चस्टोन होती आणि तिच्या धनकोंना इमारती नको होत्या, पैसे हवे होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये इक्विटी आणि दुसरी मोठी स्पर्धक ॲव्हलॉनबे एकत्र आल्या, आणि कर्ज धरून सुमारे १६ अब्ज डॉलरचा सौदा झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो पुरा झाला. इक्विटीला साठ टक्के, ॲव्हलॉनबेला चाळीस.

हे पैसे उभे करण्यासाठी इक्विटीने ते वर्षभर आपलीच घरं विकली, ४ अब्ज डॉलरहून जास्त किमतीची. अटलांटा सोडलं, फिनिक्स सोडलं, ऑर्लँडो आणि जॅक्सनविल सोडलं. नव्वदच्या दशकात ज्या शहरांत शेअर वाटून शिरली होती तिथून ती निघून आली. मेरी लँड आणि इव्हान्स विदीकोमच्या वारशातलं बरंचसं त्यात गेलं. आजीचं चांदीचं ताट मोडून नातीला सोन्याच्या बांगड्या केल्यासारखं. बांगड्या उठून दिसतात, पण ताट मोडताना घरात कोणी ना कोणी हळहळतंच.

मग २०१६ ची जानेवारी. ७२ संकुलं, २३,२६२ घरं, स्टारवुड कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला ५ अब्ज ३६ कोटी डॉलरला. घरटी २ लाख ३० हजारांच्या आसपास. दक्षिण फ्लोरिडा आणि डेन्व्हरमधून कंपनी पूर्ण बाहेर आली. मिळालेल्या पैशातून भागधारकांना दोन हप्त्यांत शेअरमागे ११ डॉलरचा खास लाभांश वाटला. वर्तमानपत्रांनी याला औदार्य म्हटलं. औदार्य कसलं! रीट असल्यामुळे विक्रीचा नफा एक तर नव्या मालमत्तेत गुंतवून कर पुढे ढकलायचा किंवा वाटून टाकायचा. त्या भावाला घेण्याजोगी घरं दिसत नव्हती, म्हणून वाटला. घेण्यासारखं काही नसताना हात आवरणं, ही शिस्त मला त्या ११ डॉलरपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

भाडेकरूच्या दाराशी

आतापर्यंत सगळी गोष्ट शिकागो नदीकाठच्या कार्यालयातून सांगितली. दाराच्या दुसऱ्या बाजूला कोण राहतं? सिॲटल, सॅन होजे, जर्सी सिटी इथे नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींचा पहिला पत्ता बहुधा अशाच एखाद्या कॉम्प्लेक्समधला असतो, कंपनी कोणतीही असो. माझा मावसभाऊ जर्सीत अशा एका ठिकाणी सहा वर्षं राहिला. त्याची तक्रार नळाची नव्हती, नळ एका मेसेजवर दुरुस्त व्हायचा. तक्रार होती भाडेकराराच्या नूतनीकरणाच्या पत्राची. नऊ महिन्यांचं भाडं वेगळं, बाराचं वेगळं, पंधराचं आणखी वेगळं. आणि चार दिवसांनी पाहिलं तर तिन्ही बदललेले. "दादा, मालक कोण तेच कळत नाही रे," तो म्हणायचा, "भांडायचं तर कोणाशी?"

विमानाच्या तिकिटासारखं भाडं ठरवणारं सॉफ्टवेअर हा मोठ्या मालकांच्या कमाईचा आज महत्त्वाचा भाग आहे. त्यावरूनच २०२२ पासून रिअलपेज या सॉफ्टवेअर कंपनीविरुद्ध आणि अनेक मोठ्या घरमालकांविरुद्ध भाडेकरूंनी सामूहिक दावे लावले. इक्विटीचंही नाव त्यात आलं. आक्षेप असा की सगळे मालक एकाच यंत्राला आपली माहिती देत असतील आणि तेच यंत्र सगळ्यांना भाव सुचवत असेल, तर स्पर्धा उरली कुठे? कॅलिफोर्नियात भाडेनियंत्रण वाढवण्याचे प्रस्ताव २०१८, २०२० आणि २०२४ मध्ये मतदानाला आले आणि तिन्ही वेळा पडले. विरोधी प्रचाराला मोठ्या घरमालक कंपन्यांनी पैसा पुरवला, त्यांत इक्विटीही होती. तर जर्सी सिटीत तिच्या पोर्टसाइड टॉवर्समधले भाडेकरू शहराचा भाडेनियंत्रण कायदा आपल्याला लागू होतो म्हणून महापालिकेच्या मंडळापुढे उभे राहिले.

इथे नवं बांधकाम अडवणाऱ्या शहरांचं धोरण दुसऱ्या अंगाने दिसतं. जिथे घरं कमी पडतात तिथे मालकाचं भाडं वाढतं, आणि जिथे भाडं वाढतं तिथेच भाडेकरू संघटित होऊन कायद्याकडे धावतो. कंपनीने मोकळ्या जमिनीचा धोका विकला आणि मतपेटीचा धोका विकत घेतला. मुंबईने हे १९४७ च्या भाडे कायद्यापासून पाहिलंय. तिथे कायदा जिंकला, भाडी गोठली, आणि मालकाने डागडुजी सोडून दिली. अमेरिकेत अजून पारडं मालकाकडे आहे.

आणि करोनाने तर सगळं गृहीतकच हलवलं. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि मॅनहॅटनमधून लोक लॅपटॉप उचलून निघून गेले. ज्या घरासाठी रांग लागायची तिथे एक-दोन महिन्यांचं भाडं माफ करून गिऱ्हाईक आणावं लागलं. जाणारे गेले कुठे? ऑस्टिनला, डेन्व्हरला, अटलांटाला, म्हणजे कंपनीने सोडलेल्या शहरांतही.

आपल्याकडे अशी कंपनी का नाही

प्रश्न नेहमी येतो, म्हणून थोडक्यात. सेबीने रीटचे नियम २०१४ मध्ये केले, पहिला रीट २०१९ मध्ये नोंदला गेला. त्यानंतर आले तेही ऑफिसांचे आणि मॉलचे. राहत्या घरांचा एकही नाही. कारण पुण्यात एक कोटीच्या फ्लॅटला महिन्याला २५-३० हजार भाडं मिळतं. घरपट्टी, मेंटेनन्स, रिकामे महिने वजा केले की हातात अडीच-तीन टक्के. कर्जाचा दर त्याहून कितीतरी जास्त. १९९३ मध्ये झेलला घरं आठ-नऊ टक्के देत होती, म्हणून भाड्यातून व्याज आणि लाभांश दोन्ही निघत होते. आपल्याकडे घर भाड्यासाठी घेत नाहीत, भाव वाढेल म्हणून घेतात, मग अकरा महिन्यांच्या करारावर कोणालातरी ठेवतात. त्या अडीच टक्क्यांतून नव्वद टक्के वाटून कोणाचं पोट भरणार?

अटलांटा पुन्हा

२०१९ पासून मार्क पॅरेल प्रमुख आहेत. त्यांच्या काळात नकाशा पुन्हा हलला. कंपनीने आधी डेन्व्हर, आणि २०२१ पासून अटलांटा, डॅलस, ऑस्टिन इथे घरं घ्यायला सुरुवात केली. अधिकृत भाषा अशी की चांगल्या पगाराचा भाडेकरू आता तिकडे राहतो, आणि किनाऱ्यावरच्या शहरांतला राजकीय धोका थोडा वाटून टाकावा. दोन्ही कारणं पटण्यासारखी आहेत. पण अटलांटाबाहेरची मोकळी जमीन कुठे गेलेली नाही. २०२३-२४ मध्ये तिथे आणि ऑस्टिनमध्ये नव्या इमारतींचा असा पूर आला की भाडी खाली आली. पंचवीस वर्षांपूर्वी मेरी लँड घेतल्यावर जो धडा मिळाला होता, तोच.

झेल मे २०२३ मध्ये गेले, एक्क्याऐंशी वर्षांचे होऊन. शेवटपर्यंत ते कंपनीचे अध्यक्ष होते. त्यानंतर वर्षभराने, २०२४ च्या उत्तरार्धात, कंपनीने अटलांटा, डॅलस आणि डेन्व्हरमधली अकरा संकुलं घेतली. ३,५७२ घरं, ९६ कोटी ४० लाख डॉलर. घरटी २ लाख ७० हजार. विकणारी होती ब्लॅकस्टोन, २००७ मध्ये झेलची ऑफिसं घेणारी तीच.